दोन रिसीव्हरांचं विमान

“सोडा... अजून थोडं सोडा... अहो थांबा, थांबा! शेपूट कुंडीला लागतंय!”

टाकेताई अंगणात उभ्या राहून, मान वर करून ओरडत होत्या आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक विमान खाली येत होतं. त्याला पंख नव्हते. पंख आधीच एकेक करून जिन्यानं खाली आले होते आणि भिंतीला टेकून वाट बघत होते. अडलं होतं ते धड. जिन्याच्या वळणावर ते काही केल्या वळेना. उभं केलं तर छताला लागे, आडवं केलं तर कठड्यात अडके. शेवटी डबलकाकांनी हात टेकले आणि टाकेताईंनी जाड कापडाची एक लांबलचक झोळी शिवून दिली. त्या झोळीत विमान तान्ह्या बाळासारखं निजलं होतं. वरून काका आणि शेजारचे पोस्टमन दोर सोडत होते.

“काका, एक दोर पुरे होता की,” पोस्टमन धापा टाकत म्हणाले.

“पुरे होता,” काका म्हणाले, “तुटेपर्यंत.”

तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या. झोळीकडे बघितलं, पंखांकडे बघितलं. “अगं बाई! एवढं मोठं खेळणं? आणि मूल कुठंय?”

“ते काय, वर दोर धरून उभंय,” टाकेताई म्हणाल्या.

विमान जमिनीला टेकलं. टाकेताईंनी झोळीची गाठ सोडली, धडावरून हात फिरवला, कुठं ओरखडा नाही ना बघितलं, आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडला. आज त्याचं पहिलं उड्डाण होतं.

टाकेताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, कपड्यांच्या खोलीत, त्यांनी उभी नोकरी शिलाई मशीनवर काढली. चादरी, अभ्रे, पडदे, ऑपरेशनचे हिरवे झगे. वरच्या मजल्यांवर जे जे फाटे ते खाली त्यांच्याकडे येई आणि शिवून परत वर जाई. कुणीतरी गमतीनं ‘टाकेताई’ म्हणालं आणि तेच चिकटलं. एकदा एका नव्या वॉर्डबॉयनं पेशंटला सांगितलं, “टाके काढायचेत? खाली टाकेताईंकडे जा.” तो बिचारा पोट सांभाळत जिना उतरून आला आणि शर्ट वर करून समोर उभा राहिला. टाकेताईंनी चष्म्यावरून त्याच्या पोटाकडे नीट बघितलं. “शिलाई छान आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण माझी नाही.”

डबलकाका त्याच तळघरात, भिंतीपलीकडे. त्यांच्या ताब्यात हॉस्पिटलचा जनरेटर. बाहेरची वीज गेली की ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा डॉक्टरांनी मान वर करायच्या आत परत लागला पाहिजे, हे त्यांचं काम. वर फक्त एवढंच कळे, की दिवा जरासा मिणमिणला. काकांनी सगळं आयुष्य त्या मिणमिणण्याच्या काळजीत घालवलं आणि त्यामुळे त्यांना एक खोड लागली. एका वस्तूवर त्यांचा भरवसा नसे. टॉर्च दोन, किल्ल्या दोन, जनरेटर सुरू करायच्या बॅटऱ्या दोन. चष्मे दोन, एक नाकावर आणि एक खिशात. सगळे त्यांना ‘डबल’ म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

त्यांची ओळख भांडणानं झाली. दर आठवड्याला काका जनरेटर चालवून बघत, तेव्हा भिंतीसकट टाकेताईंचं टेबल थरथरे. एकदा ऐन कामात सुई मोडली. टाकेताई तरातरा पलीकडच्या खोलीत गेल्या. “तुमचं ते धूड बंद करा आधी! माझी सुई मोडली.” दुसऱ्या दिवशी काका आले ते रबराचे जाड तुकडे घेऊन. गुडघ्यांवर बसले, मशीनच्या चारी पायांखाली ते बसवले आणि उठताना टेबलावर दोन सुया ठेवल्या.

“एकच मोडली होती,” टाकेताई म्हणाल्या.

“पुन्हा मोडेल तेव्हा यावं लागेल ना तुम्हाला. म्हणून...” असं म्हणून काका थांबले, कारण आपण उलटंच बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. टाकेताईंनी यावं असंच तर त्यांना वाटत होतं. टाकेताईंच्याही ते लक्षात आलं. पुढचं वेगळं सांगायला नको.

विमानांचा नाद काकांना आधीपासूनचा. लाकडाच्या पट्ट्या, गोंद, छोटी इंजिनं; विमानं घरात वाढत गेली आणि घर लहान होत गेलं. लेक लग्न होऊन गेली तशी तिची खोली विमानांना मिळाली. ती फोनवर कुरकुरे, “बाबा, माझ्या पलंगावर आता कोण झोपतं?” काका म्हणत, “पंख.”

गावाबाहेर एक मोकळं मैदान होतं. तिथं रविवारी हौशी मंडळी जमत आणि आपापली विमानं उडवत. काकांनी तिथं एक मोठं पिवळं विमान नेलं होतं, ह्या विमानाच्या आधी. मोठ्या विमानाच्या पोटात एक रिसीव्हर असतो. जमिनीवरच्या माणसाच्या हातात ट्रान्समीटर असतो. त्याच्या दांड्या हलवल्या की हवेतून हुकूम जातो, रिसीव्हर तो ऐकतो आणि पंख-शेपूट हलवतो. रिसीव्हरला ताकद देते बॅटरी. ती गेली, किंवा बॅटरी आणि रिसीव्हर यांच्यामधलं चालू-बंदचं बटण बिघडलं, की विमान ठार बहिरं. काकांच्या मनात सगळं दोन दोन घालायचं होतं. पण मैदानावरचे सगळे म्हणाले, काका, उगाच वजन कशाला वाढवता, कधी काही होत नाही. आणि काकांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्यांचं ऐकलं.

बटण गेलं. पिवळं विमान वळणावर होतं ते वळतच राहिलं आणि पलीकडच्या शेतात नाकावर आदळलं. काकांनी तुकडे पोत्यात भरून आणले आणि पोतं पलंगाखाली सरकवलं. त्यावर कित्येक महिने ते एक शब्द बोलले नाहीत. जेवत, झोपत, फिरून येत. पण घरातला गोंदाचा वास गेला, तशी टाकेताईंना त्या घरात करमेना.

“हॉस्पिटलात मी कधी एकावर विसंबलो नाही,” एकदा जेवताना काका आपणहून म्हणाले. “विमानातच विसंबलो.”

“मग परत करा,” टाकेताई म्हणाल्या. “आणि ह्या वेळी कुणाचं ऐकू नका. माझंसुद्धा.”

अशी ह्या नव्या विमानाची सुरुवात झाली. वर-खाली दोन मजली पंखांचं, लांबीला पलंगाएवढं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं काम टाकेताईंचं. काकांना ते पांढरं हवं होतं. टाकेताईंनी साफ नकार दिला. “जन्मभर पांढऱ्या चादरी बघितल्यात मी. पांढरं घरात नको.” मग ते जांभळं झालं, पंखांवर नारिंगी पट्टे असलेलं, आणि असं झोकदार दिसू लागलं की काका येता-जाता खोलीत डोकावत.

पोटात दोन रिसीव्हर आणि दोन बॅटऱ्या, आणि मध्ये एक चपटी पेटी. ती दोन्हीकडून ताकद घेते आणि दोन्हीकडचे हुकूम ऐकते. एक गप्प झाला तर त्याच क्षणी दुसऱ्याचं ऐकायला लागते. विमानाला पत्ताही लागत नाही. फक्त उडवणाऱ्याला कळावं म्हणून ट्रान्समीटर बोलून सांगतो. त्यातला मूळचा आवाज एका बाईचा होता, फार मधाळ. काकांना तो पसंत पडेना.

“एवढं गोड बोलली तर मी लक्षच देणार नाही. ज्या आवाजाला मी घाबरतो तो पाहिजे,” ते म्हणाले आणि त्यांनी मायक्रोफोन बायकोच्या तोंडापुढे धरला.

टाकेताईंनी घसा साफ केला आणि ठणकावून म्हणाल्या, “अहो, पहिला गेला! उतरा आधी खाली!”

“वा! आता म्हण, दुसरा गेला.”

“आणि पुढं काय म्हणू?”

काकांनी थोडा विचार केला. “काही नको. दोन्ही गेल्यावर बोलून काय करायचंय?”

विमान अर्धं झालं असेल-नसेल, काकांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात. कप बशीवर किणकिण वाजे आणि दोघंही ऐकू आलं नसल्यासारखं दाखवत. मग सही वाकडी येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, हे जाणार नाही; गोळ्यांनी आवरून धरू. टेबलावर कोपर टेकवून काका काम करत राहिले. बांधता येत होतं. उडवता येईना. दांड्या धरल्या की हात कापे आणि हाताबरोबर वर विमानही.

एका रविवारी ते मैदानावर गेले नाहीत. “वारा आहे आज,” म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा वारा. तिसऱ्या रविवारी टाकेताईंनी गॅलरीतून बघितलं, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

“वारा आहे,” आतून काका म्हणाले.

“असू दे,” टाकेताई म्हणाल्या. “मी जाऊन बघून येते किती आहे ते.” आणि काकांचं फोमचं लहान विमान काखेत मारून, ट्रान्समीटर पिशवीत टाकून त्या निघाल्याच.

मैदानावर दातांचे एक डॉक्टर होते, सगळ्यात उत्तम उडवणारे आणि सगळ्यात जास्त बोलणारे. पेशंटच्या तोंडात हत्यारं असल्यामुळे एकट्यानं बोलायची सवय लागलेली. त्यांनी आपला ट्रान्समीटर टाकेताईंच्या ट्रान्समीटरला जोडून घेतला. त्या चुकल्या तर डॉक्टरांनी बटण दाबून विमान आपल्याकडे घ्यायचं. पहिल्या दिवशी बटण दाबून दाबून डॉक्टरांचं बोट दुखलं. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला बटण दाबायची वेळच येईना.

“वहिनी, खरं सांगा. आधी उडवलंय तुम्ही,” डॉक्टर म्हणाले.

“छे हो. मशीन चालवलंय. सुईकडे बघायचं नसतं. कापड पुढे कुठं चाललंय तिकडे बघायचं. हेही तसंच दिसतंय.”

घरी आल्या तेव्हा त्यांचं नाक उन्हानं लाल झालं होतं आणि चेहरा असा फुलला होता, की काका बघतच राहिले.

“किती होता वारा?” त्यांनी विचारलं.

“थोडा होता. पण मला आडवा नाही आला.”

पुढच्या रविवारी काका तयार होऊन दाराशी उभे. हातात घडीच्या दोन खुर्च्या. एकीवर ते बसत. दुसरी कायम रिकामी, कारण टाकेताई उभ्याच असत, डोळे आभाळात.

तर असं ते जांभळं विमान त्या सकाळी मैदानावर पोचलं. पंख चढले, स्क्रू आवळले गेले. मंडळी भोवती गोळा झाली. डॉक्टरांनी वरचं झाकण उघडून आत डोकावलं.

“काका, हे विमान आहे का जुळ्यांचं बाळंतपण? सगळं दोन दोन!”

“हसा,” काका म्हणाले. “खाली उतरल्यावरही हसा म्हणजे झालं.”

त्यांनी झाकण लावलं. टाकेताईंना दिसलं, झाकणाचा स्क्रू त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरून फिरवला. मदत करायला त्या पुढे झाल्या आणि परत मागे सरल्या. काही कामं माणसाला आपली आपण करू द्यावी लागतात.

दांड्या हलवून पंख-शेपूट तपासून झालं. इंजिन सुरू झालं, काकांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. डॉक्टरांनी बाह्या सारल्या, ट्रान्समीटर घ्यायला हात पुढे केला. पहिलं उड्डाण ते करणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. टाकेताईंनीही. काका ट्रान्समीटर घेऊन डॉक्टरांच्या समोरून गेले आणि टाकेताईंपुढे उभे राहिले.

“घे.”

“अहो, भलतंच काय? मी ते लहान उडवते. हे...”

“हे मोठं आहे म्हणून सोपं आहे. मोठं विमान सावकाश वळतं.”

“आणि काही झालं म्हणजे?”

“दोन आहेत ना आत.”

“आत आहेत हो! बाहेर काय? बाहेर मी एकटीच!” टाकेताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “डॉक्टर उडवू देत. मी आपली राखीव.”

“राखीव डॉक्टर,” काका म्हणाले. “त्यांचा ट्रान्समीटर जोडून घेऊ.”

डॉक्टरांनी हातातली टोपी जमिनीवर आपटली. “म्हणजे मी स्टेपनी! एवढी वर्षं उडवून शेवटी स्टेपनी झालो!” पण ते हसतच होते. त्यांनीच टाकेताईंच्या गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा अडकवला आणि हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, मी शेजारीच आहे. बोलणार नाही, शप्पथ.”

टाकेताईंनी इंजिनाचा जोर वाढवला. विमान गवतावरून धावलं, शेपूट उचललं गेलं, आणि मग चाकांखाली उजेड दिसला. एवढंच. कुणाला फेकावं लागलं नाही, ओढावं लागलं नाही. ते जांभळं धूड असं वर गेलं, की जणू खालीच त्याला अवघडल्यासारखं होत होतं.

“गेलं!” कुणीतरी ओरडलं.

पहिलं वळण टाकेताईंनी श्वास रोखून घेतलं. दुसऱ्या वळणावर श्वास सोडला. तिसऱ्याला त्यांना हसू यायला लागलं, कारण काका म्हणाले ते खरं होतं. लहान विमान भिरभिरायचं, हे डौलात चालत होतं. आपण ताणून बसवलेलं कापड त्या उन्हात बघत होत्या. कुठं सुरकुती नव्हती. त्यांनी विमान मैदानावरून अगदी कमी उंचीनं नेलं, नारिंगी पट्टे सगळ्यांच्या डोक्यांवरून गेले आणि टाळ्या पडल्या. मागं खुर्चीत काका बसले होते. त्या वळून बघू शकत नव्हत्या, पण त्यांच्या टाळ्यांचा आवाज ओळखू येत होता. जरा जास्त भरभर पडत होत्या.

आणि तेवढ्यात त्यांच्याच गळ्यातून त्यांचाच आवाज आला.

“अहो, पहिला गेला! उतरा आधी खाली!”

टाकेताई दचकल्या. क्षणभर त्यांना कळेना कोण बोललं. विमान तसंच डौलात चाललं होतं, काही म्हणता काही बदललं नव्हतं. दांडी उजवीकडे केली, विमान उजवीकडे गेलं.

“अहो, पहिला गेला! उतरा आधी खाली!”

“कळलं गं बाई!” टाकेताई स्वतःलाच ओरडल्या. हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली.

“दुसऱ्यावर चाललंय,” मागून काकांचा आवाज आला. शांत होता. जनरेटरच्या खोलीतला आवाज होता तो. वर दिवे गेले असताना खाली कुणाला घाई करू न देणारा. “घाबरू नकोस. पण आता उतरव. आता त्याच्यामागे कुणी नाही.”

लहान विमान टाकेताईंनी कितीतरी वेळा उतरवलं होतं. ते आपटलं तरी फोमचं, झटकून उभं राहायचं. हे आपटलं तर? पलंगाखालचं ते पोतं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आणि त्याहून जास्त, ते पोतं आणल्यानंतरचं घर.

“वहिनी, देता का माझ्याकडे?” डॉक्टरांचं बोट बटणावर होतं. “लाजू नका. बटण दाबतो.”

द्यावं, असं वाटलं त्यांना. अगदी ओठांवर आलं होतं. पण हातांना विमान कळत होतं. वारा डावीकडून येत होता आणि त्यांनी नकळत तेवढंच त्याला तिरकं धरलं होतं.

“नको,” त्या म्हणाल्या. “शिलाई अर्ध्यात आहे. आता हात बदलला तर टाका वाकडा जाईल.”

डॉक्टरांनी बोट उचललं नाही, पण दाबलंही नाही. आणि दिलेली शपथ पाळून गप्प राहिले. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब शांतता असावी.

टाकेताईंनी विमान लांब नेलं, वळवलं, समोर आणलं. जोर कमी केला. ट्रान्समीटर ओरडतच होता, उतरा आधी खाली, उतरा आधी खाली, आणि त्या पुटपुटत होत्या, “उतरतेय, उतरतेय, जरा दम धर.” विमान झाडांवरून खाली आलं. वाऱ्याचा एक झोत आला आणि डावा पंख उचलला गेला. त्यांनी तो हलकेच दाबला, घडी बसवावी तसा. गवत जवळ आलं. चाकं टेकली. विमान एकदा उसळलं, कुणीतरी “अरे!” म्हणालं. परत टेकलं, धावलं आणि मैदानाच्या मध्यावर उभं राहिलं. पुढचा पंखा आरामात फिरत होता.

मग जो गलका झाला! डॉक्टर टोपी उडवत नाचत होते आणि साठवलेलं सगळं बोलणं एकदम बोलत होते. टाकेताई काकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसल्या, पहिल्यांदाच. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

“स्वतःच्या ओरडण्यानं पहिल्यांदा घाबरले मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रोज कसं ऐकता हो?”

“सवय,” काका म्हणाले.

विमान ढकलत आणलं. काकांनी झाकण उघडलं, सगळे डोकावले. पेटीवरचा एक दिवा हिरवा होता, एक लाल. पहिल्या रिसीव्हरच्या वायरची पिन अर्धवट बाहेर आली होती.

“इंजिनाच्या थरथरीनं सुटली,” डॉक्टर म्हणाले. “होतं असं. काका, मानलं तुम्हाला! दुसरा नसता तर आज पोतं भरून न्यायचं होतं. मी येत्या रविवारी माझ्या विमानात दोन टाकतो.” आणि ते चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेले. बाकीचेही पांगले.

काका झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“इंजिनाच्या नाही,” ते हळूच म्हणाले. “माझ्या.”

टाकेताईंनी वर बघितलं.

“ह्या पिना काल दुपारी मीच बसवल्या. तू दुकानात गेली होतीस. पिन नीट बसली की ‘टक’ वाजतं. पहिलीच्या वेळी हात फार कापत होता. टक ऐकू आलं का नाही, मला नक्की कळलं नाही. आलं, असं मी ठरवून टाकलं.” त्यांनी कापता हात दुसऱ्या हातात धरला. “सगळ्यांना वाटतं, पिवळं पडलं म्हणून मी दोन घातले. तेव्हा तेच होतं. पण हात कापायला लागल्यावर... माझाच मला भरवसा वाटेना. मी कुठंतरी चुकणार हे धरूनच बसवलंय सगळं.”

टाकेताईंना खूप काही म्हणावंसं वाटत होतं. पण असं काही म्हटलं असतं तर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

“दुसरी पिन कुणी बसवली?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“ती बसली ना नीट?”

काकांनी वाकून बघितलं. “बसलीय.”

“म्हणजे अर्धे अजून बरोबर आहात. बाकीचं अर्धं मी आहे.” त्यांनी हात आत घातला, सुटलेली पिन अंगठ्यानं दाबली. टक. एवढा स्वच्छ आवाज, की दोघांनीही ऐकला. “आणि ऐकू आलं नाही तर विचारायचं. मला ऐकू येतं अजून.”

काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग ते असे मोठ्यांदा हसले की थर्मास घेऊन येणारे डॉक्टर वाटेतच थांबले. “काय झालं? मला सांगा ना!” पण त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

त्या दिवशी विमान आणखी दोनदा उडालं. दोन्ही वेळा पेटीवरचे दोन्ही दिवे हिरवे राहिले आणि ट्रान्समीटर तोंड मिटून बसला. शेवटच्या वेळी काका टाकेताईंच्या शेजारी उभे राहिले. “डावीकडे घे,” असं एकदा म्हणाले आणि मग म्हणाले, “नको, तुझं तू घे.”

ऊन उतरायला लागलं तशी मंडळी निघाली. डॉक्टरांची गाडी लांब रस्त्यावर होती. पंख त्यांनी पुढे नेले. धड राहिलं. टाकेताईंनी नाक धरलं, काकांनी शेपूट, आणि दोघं शेतामधल्या पायवाटेनं निघाले. वाट अरुंद होती. मागून काका सांगत होते, पुढच्या विमानाचा पंख कसा करायचा, आणि टाकेताई पुढून सांगत होत्या, रंग कुठला ते आधी ठरू दे, मग पंखाचं बघू.

समोरून एक माणूस सायकलवर येत होता. मागं गवताचा भारा बांधलेला. ह्यांना बघून तो खाली उतरला, सायकल वाटेच्या बाजूला घेतली आणि हे दोघं जवळ येईपर्यंत डोळे विस्फारून बघत राहिला.

“उडतं का हो हे?” त्यानं काकांना विचारलं.

“उडतं ना,” काका म्हणाले. शेपूट धरलेला हात कापत होता. विमानाचं शेपूटही त्याबरोबर थोडं थोडं हलत होतं. त्यांनी हनुवटीनं पुढं, टाकेताईंच्या पाठीकडे दाखवलं. “ही उडवते.”

माणसानं सायकल आणखी थोडी मागे घेतली, गवताचा भारा हातानं दाबून धरला आणि दोघांना जायला पुरेशी वाट करून दिली.